मार्लिन रायफलीचं काय झालं : कसब, मालकी आणि नाव

मागच्या खेपेला आपण ‘जाणणं’ या एका क्रियापदाशी बराच वेळ झटलो. एखादी गोष्ट अमुक अशी आहे हे जाणणं वेगळं, आणि ती कशी करायची हे जाणणं वेगळं, हा गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात मांडलेला भेद आपण पाहिला. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने विचारलं, ‘सर, पोहणं आणि सायकल सोडून तिसरं उदाहरण आहे का हो?’ प्रश्न रास्त आहे. आम्ही पस्तीस वर्षं वर्गात सायकलच चालवली. म्हणून आज असं उदाहरण घेऊ, जिथे या भेदाची किंमत डॉलरमध्ये मोजावी लागली आणि ती ज्यांनी मोजली त्यांनी राइल वाचलेला नव्हता.

उदाहरण बंदुकीच्या कारखान्याचं आहे. आधीच सांगून टाकतो, जत्रेतले फुगे फोडायची सोडली तर आम्ही बंदूक हातात धरलेली नाही. शस्त्र चांगलं की वाईट हा आजचा विषय नव्हे. पण त्या वादाचा एक धागा पुढे वाटेत येतोच, तेव्हा तो टाळणारही नाही. आजचा प्रश्न साधा आहे : एखादी वस्तू शंभर वर्षं चांगली बनते, मग मालक बदलतो, ड्रॉइंग तीच, यंत्रं तीच, नाव तेच, आणि वस्तू बिघडते. का बिघडते?

जॉन मार्लिन यांनी १८७० साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, न्यू हेवन गावी बंदुकांचा कारखाना काढला. त्याच गावात विंचेस्टर ही मोठी कंपनी होती. दोन्ही कंपन्या लिव्हरच्या रायफली बनवत. या रायफलीत चापाभोवती एक कडी असते. ती खाली-पुढे ढकलली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि परत ओढली की नळीखालच्या लांबट नळकांड्यातून नवं काडतूस आत चढतं. विंचेस्टरच्या नेहमीच्या रायफलीत रिकामं काडतूस वरून उडायचं. मार्लिन यांनी १८८९च्या नमुन्यापासून वरची बाजू भरीव ठेवली आणि काडतूस बाजूने बाहेर काढलं. तेव्हा ही बारीकशी सुधारणा वाटली असेल. पुढच्या शतकात शिकारी लोक रायफलीवर दुर्बीण बसवू लागले, तेव्हा मार्लिनवर ती सरळ बसायची आणि विंचेस्टरवर बसवताना नाकी नऊ यायचे. १९४८ साली आलेला त्यांचा ३३६ हा नमुना अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्यांच्या घरोघरी पोचला. आणि १९६० पासूनची ‘मॉडेल ६०’ ही छोट्या पॉइंट टू टू काडतुसाची स्वस्त रायफल तर एक कोटीच्या वर खपली. म्हणजे ही काही श्रीमंतांची चैनीची वस्तू नव्हती. गिरणीत काम करणारा बाप मुलाला पहिली रायफल घेऊन द्यायचा, ती बहुधा मार्लिन.

मालकी इथेही अगदी सोवळी नव्हती, हे ध्यानात ठेवा. मार्लिन १९०१ साली वारले. १९१५ साली कंपनी न्यूयॉर्कच्या एका गटाने घेतली, पहिल्या महायुद्धासाठी मशीनगन बनवल्या, युद्ध संपलं आणि धंदा बसला. १९२४ साली लिलाव झाला. फ्रँक केना नावाच्या वकिलांनी ती कंपनी शंभर डॉलरला घेतली. शंभर! अर्थात सोबत एक लाख डॉलरचं गहाणखतही डोक्यावर घ्यावं लागलं. केना यांनी दिवस काढण्यासाठी दाढीच्या पात्यासुद्धा विकल्या. पण कारखाना चालू ठेवला, आणि पुढची ऐंशीहून अधिक वर्षं तो त्यांच्या घराण्याकडे राहिला. १९६९ साली तो शेजारच्या नॉर्थ हेवनला हलला, तेव्हा माणसं सोबतच हलली. दोन्ही गावं लागूनच आहेत, कामगाराला फार तर रोजची वाट बदलावी लागली असेल.

आता २००७ साल. सर्बेरस नावाची न्यूयॉर्कची एक प्रायव्हेट इक्विटी कंपनी आहे. सर्बेरस म्हणजे ग्रीक पुराणातला पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा. गुंतवणूकदारांनी हे नाव आपणहून का घेतलं असावं, यावर एक वेगळं व्याख्यान होईल. या सर्बेरसने त्या वर्षी रेमिंग्टन ही १८१६ सालची जुनी बंदूक कंपनी घेतली. रोख रक्कम आणि रेमिंग्टनच्या डोक्यावरचं कर्ज मिळून व्यवहार ३७ कोटी डॉलरचा होता, आणि त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा होता. मग एकेक करून इतर बंदूक कंपन्या त्याच छत्राखाली आणल्या आणि छत्राला नाव दिलं ‘फ्रीडम ग्रुप’. २००७च्या डिसेंबरात मार्लिनचा सौदा ठरला. केना घराण्याने कंपनी विकली. त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती, हेही नोंदवून ठेवू.

प्रायव्हेट इक्विटीचं गणित थोडक्यात समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपण घर घेताना कर्ज काढतो आणि ते आपण फेडतो. इथे कर्ज काढून कंपनी घेतात, आणि ते कर्ज त्या कंपनीच्याच अंगावर पडतं. म्हणजे घराने स्वतःचे हप्ते भरायचे! मग काही वर्षांत खर्च कमी करून, नफा फुगवून ती पुढच्या गिऱ्हाइकाला विकायची. या गणितात वेळ हा शत्रू असतो. शिकाऊ पोरगा पाच वर्षांनी चांगला फिटर होईल, हे वाक्य त्या हिशोबात बसत नाही, कारण पाच वर्षांनी मालक कदाचित दुसराच असेल.

२०१०च्या मार्चमध्ये जाहीर झालं : नॉर्थ हेवनचा कारखाना बंद होणार. अडीचशेहून अधिक माणसांना घरी जावं लागणार. मार्लिनचं काम न्यूयॉर्क राज्यात इलियन गावी, रेमिंग्टनच्या जुन्या कारखान्यात जाईल. कागदावर यात चुकीचं काहीच दिसत नाही. दोन कारखान्यांऐवजी एक, दोन कँटीनऐवजी एक. इलियनला १८२८ पासून बंदुका बनत होत्या, तिथले कामगार काही नवशिके नव्हते. २०११ पर्यंत यंत्रं, साचे, ड्रॉइंग ट्रकांत भरून रवाना झाली.

आणि रायफली बिघडल्या. लाकडी दस्ता आणि पोलाद यांच्यात फट दिसू लागली. नळीच्या टोकाची नेम धरायची माशी किंचित कललेली निघायची. ज्याने एकदा तिरका डोळा करून नळीवरून पाहिलं, त्याला हे कललेपण विसरता येत नाही. कडा हाताला कापायच्या, काडतूस मध्येच अडकायचं. काही नमुन्यांचं उत्पादन तर थांबवावं लागलं. गिऱ्हाइकांनी या रायफलींना ‘रेमलिन’ असं नाव ठेवलं, रेमिंग्टन आणि मार्लिन यांची खिचडी. नॉर्थ हेवनच्या रायफलीच्या नळीवर डाव्या बाजूला ‘जेएम’ असा छोटा शिक्का असायचा, जॉन मार्लिन यांच्या आद्याक्षरांचा. इलियनच्या नळीवर ‘आरईपी’ आला. बघता बघता जुन्या बाजारात जेएम शिक्क्याची वापरलेली रायफल खोक्यातल्या कोऱ्या रायफलीपेक्षा जास्त मोलाने मागितली जाऊ लागली. आपल्याकडे जुनं ते सोनं म्हणतात ते पुष्कळदा आठवणींच्या मायेने. इथे लोक खिशातले पैसे मोजत होते.

काय झालं होतं? जाणकार सांगतात ते असं. नॉर्थ हेवनची पुष्कळशी यंत्रं म्हातारी होती. चाळीस-पन्नास वर्षं एकच काप घेणारं यंत्र झिजतं, आणि ड्रॉइंगवर लिहिलेलं माप त्यातून निघत नाही, थोडं वेगळं निघतं. पण त्या यंत्रावर वीस वर्षं उभा असलेला माणूस ते वेगळेपण ओळखून असतो. हे यंत्र सकाळी थंड असताना जरा जास्त खातं, म्हणून पहिले काही नग सैल धरायचे. पुढच्या टेबलावरच्या माणसाला ठाऊक असतं की या अमक्याकडून आलेला भाग नेहमी उजवीकडे कणभर जाड असतो, म्हणून तो न विचारता दोनदा कानस मारतो. ड्रॉइंगमध्ये हे कुठेही नाही. कोणी लिहून ठेवलं नाही, कारण कोणाला लिहायची गरजच पडली नाही. लिहिणारा आणि वाचणारा शेजारी उभे होते.

म्हणजे यंत्राची चूक आणि माणसाची दुरुस्ती मिळून रायफल बरोबर निघत होती. नव्या मालकाने चूक ट्रकात घालून इलियनला नेली आणि दुरुस्तीला निरोपाचं पत्र दिलं.

राइल यांच्या भाषेत बोलायचं तर फ्रीडम ग्रुपने ‘काय’ विकत घेतलं आणि ‘कसं’ सुद्धा त्यातच आलं असं धरून चालले. यात लोभापेक्षा ज्ञानमीमांसेचा गोंधळ मोठा आहे, असं आमचं मत. मायकेल पोलान्यी मूळचे रसायनशास्त्रज्ञ, मागाहून तत्त्वज्ञानाकडे वळलेले. १९५८च्या ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात त्यांनी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगितली आहे. विजेच्या दिव्यांचे काचेचे फुगे बनवणारं एक यंत्र हंगेरीत आयात केलं होतं. हुबेहूब तसंच यंत्र जर्मनीत उत्तम चालू होतं. हंगेरीत मात्र त्यातून अख्ख्या वर्षात एकही निर्दोष फुगा निघाला नाही. यंत्र आलं होतं, यंत्राशी वागायची रीत जर्मनीतच राहिली होती. ही रीत उस्तादाजवळ बसून, चुका करत, बोलणी खात अंगात उतरते, आणि एका पिढीचा खंड पडला तर जाते. नॉर्थ हेवनचं प्रकरण म्हणजे पोलान्यींच्या त्या अर्ध्या पानाची महागडी आवृत्ती.

आमचाच एक अनुभव सांगतो, मग पुढे जाऊ. आम्ही निवृत्त झालो तेव्हा एका महाविद्यालयाने मोठ्या आदराने आमच्या कांटवरच्या नोट्स मागून घेतल्या. झेरॉक्स केल्या, बांधल्या, ग्रंथालयात ठेवल्या. दोन वर्षांनी कळलं, तिथे तत्त्वज्ञानाची जागा भरायचीच नाही असं ठरलंय, कारण ‘सरांचं साहित्य आहेच’. त्या नोट्समध्ये एका पानाच्या समासात आम्ही नुसतं ‘इथे थांबणे’ असं लिहिलं होतं. का थांबायचं, ते आमच्याशिवाय कोणाला ठाऊक?

असो. आता दुसरी बाजू. ‘कंपनीवाले वाईट, घराणं चांगलं’ असं समीकरण तुमच्या मनात तयार होत असेल तर ते जरा बाजूला ठेवा. एक म्हणजे, यंत्रं म्हातारी झाली ती केना घराण्याच्या काळातच. नवी यंत्रं घ्यायला पैसा लागतो, तो त्यांनी पुरेसा घातला नाही. कामगारांचं कसब हे थोडंफार त्या कंजूषपणावर पांघरूणही होतं. दुसरं, रेमिंग्टन १९३३ ते १९९३ अशी साठ वर्षं ड्यूपॉन्ट या प्रचंड रसायन कंपनीकडे होती. त्या काळातल्या कितीतरी रायफली आजही नावाजल्या जातात. आणि त्याच काळात ‘मॉडेल ७००’च्या चापाची रचना अशी होती, की चाप न ओढता रायफल सुटल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या. ज्यांनी चाप रचला त्या माइक वॉकर यांनी स्वतःच १९४०च्या दशकात बदल सुचवला होता, तो झाला नाही. म्हणजे चांगला फिनिश देणारा मालक सज्जन असतोच असं नाही. विंचेस्टरचीही तीच कथा : ऑलिन या कंपनीने ती १९३१ साली घेतली आणि तीसेक वर्षं तिची कीर्ती टिकली, वाढलीसुद्धा. मग १९६४ साली खर्च वाचवायला रचना बदलल्या आणि तेव्हापासून ‘चौसष्टच्या आधीची’ हे शिकाऱ्यांच्या बोलण्यातलं विशेषणच होऊन बसलं.

तेव्हा प्रश्न मालक व्यक्ती आहे की कंपनी, असा नाही. इथे ॲलस्डेअर मॅकिंटायर कामाला येतात. १९८१च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’मध्ये ते बुद्धिबळ शिकणाऱ्या एका मुलाचं उदाहरण देतात. मुलाला खेळात रस नाही, पण जिंकलास तर गोळ्या-चॉकलेटं देईन असं कबूल केलंय. जोवर तो गोळ्यांसाठी खेळतो, तोवर फसवून जिंकायला त्याला काहीच हरकत वाटणार नाही. एक दिवस त्याला डावातलीच गंमत कळू लागते, आणि मग फसवलं तर तो स्वतःलाच फसवतो. गोळ्या हे बाहेरचं हित, डावातली गंमत हे आतलं हित. मॅकिंटायर यांचं म्हणणं असं, की कुठलीही कला, कुठलंही कसब संस्थेवाचून टिकत नाही, आणि संस्था मात्र स्वभावतःच पैसा, सत्ता, प्रतिष्ठा या बाहेरच्या हितांत गुंतलेली असते. म्हणून संस्था कसबाला पोसते आणि तीच त्याला पोखरू शकते. केना घराण्यालाही नफाच हवा होता, पण रायफली बनवूनच तो मिळणार होता. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. सर्बेरसला रायफल, मोटारी, बँक, काहीही चाललं असतं. फ्रीडम ग्रुपमध्ये आतलं हित जाणणारी माणसं होती ती यंत्रापाशी, आणि निर्णय ज्या मजल्यावर होत होते तिथवर त्यांचा आवाज पोचायची सोय नव्हती.

मघाशी म्हटलेला धागा इथे येतो. २०१२च्या डिसेंबरात कनेटिकटमधल्याच न्यूटाउन गावी सँडी हुक शाळेत वीस मुलं आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेले. वापरलेली रायफल बुशमास्टर होती, म्हणजे फ्रीडम ग्रुपचीच. सर्बेरसमध्ये शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीचे पैसे गुंतलेले होते. शिक्षकांचं पेन्शन त्या कारखान्यात! काही दिवसांतच सर्बेरसने जाहीर केलं की आम्ही हा समूह विकून टाकतो. गिऱ्हाईक मिळालं नाही. पुढे २०२२ साली मृतांच्या कुटुंबांना विमा कंपन्यांकडून ७ कोटी ३० लाख डॉलर मिळाले. कोण काय बनवतं याच्याशी पैसेवाल्याचा संबंध नसतो, या समजुतीवर हा सगळा डोलारा उभा होता, आणि सँडी हुकनंतर ती समजूत शिक्षकांच्या पेन्शनपाशी येऊन अडली.

नंतरचं भराभर सांगतो. २०१४ साली रेमिंग्टनने मोठा गाजावाजा करून ‘आर ५१’ हे पिस्तूल बाजारात आणलं आणि ते परत बोलवावं लागलं. त्याच वर्षी अलाबामा राज्यात हंट्सव्हिलला नवा कारखाना जाहीर झाला, राज्याने सवलतींची खैरात केली. मार्लिनपुरतं न्यायाने सांगायला हवं, की इलियनच्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी नेटाने काम करून, नवी यंत्रं आल्यावर, काही वर्षांत रायफली बऱ्याच सुधारल्या. कसब पुन्हा जुळत होतं. पण कर्ज थांबत नसतं. मार्च २०१८मध्ये दिवाळखोरी, जुलै २०२०मध्ये पुन्हा दिवाळखोरी, आणि मग समूह तुकड्या-तुकड्यांनी लिलावात गेला. त्या ऑक्टोबरात इलियनच्या ५८५ कामगारांना काढून टाकलं. पुढे नव्या मालकांनी तो कारखाना काही काळ चालवला आणि मार्च २०२४मध्ये कायमचा बंद केला. नॉर्थ हेवनचं काम ज्या गावाकडे गेलं, ते गावही शेवटी त्याच रांगेत उभं राहिलं.

मार्लिन सुमारे ३ कोटी डॉलरला रुगर कंपनीने घेतली. रुगर १९४९ पासूनची, तीही कनेटिकटचीच, आणि तिचे शेअर बाजारात आहेत. म्हणजे चांगली भलीमोठी कंपनी, कोणाच्या घरचा गोठा नव्हे. पण बंदुका बनवण्यापलीकडे तिचा धंदा नाही आणि डोक्यावर कर्ज नव्हतं. त्यांनी घाई केली नाही. जुन्या यंत्रांच्या ढिगातून जुनी रीत शोधत बसण्यात अर्थ नाही हे ओळखून त्यांनी रायफलीची मापं नव्याने बसवली, आपल्या संगणकीय यंत्रांवर, उत्तर कॅरोलायनातल्या मेयोडन इथल्या आपल्या कारखान्यात, आपल्या माणसांच्या हातांना सवय असलेल्या पद्धतीने. एक वर्ष गेलं. २०२१च्या डिसेंबरात पहिली १८९५ बाहेर पडली आणि चिकित्सक गिऱ्हाइकांनीही ती वाखाणली. कानशीचं काम कमी झालं, कारण भागच आता असे निघतात की कानस फारशी लागत नाही. त्या यंत्रांना मापं शिकवणारी माणसं आहेत, म्हणजे कसब गेलं नाही, ते टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकलं.

इथे समोरून कोणीतरी विचारणारच : मग ही मार्लिन आहे का? न्यू हेवनची नाही, केनांची नाही, त्या यंत्रांची नाही, त्या माणसांची तर नाहीच. नागसेन भिक्षूंनी मिलिंद राजाला विचारलं होतं तेच इथे विचारता येईल. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा एकेकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल झाला, की हे सगळे भाग जुळले की त्याला व्यवहारात रथ म्हणतात, एवढंच. नाव भागांच्या आधाराने उभं असतं. लिलावात मात्र उलटं घडलं. भाग झिजले, माणसं पांगली, कारखाना गेला, आणि नाव मात्र विकता आलं. हिशोबवाले त्याला ‘गुडविल’ म्हणतात, आपल्याकडे जुने व्यापारी पत म्हणत. नागसेनांच्या मते जे स्वतःच्या पायावर उभंच राहू शकत नाही, त्यालाही किंमत आली. यात नागसेन चुकले की बाजार, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. जेएम शिक्का शोधत फिरणारा शिकारी नागसेनांच्या बाजूचा वाटतो : तो नाव वाचतच नाही, नळीवरचा शिक्का पाहून कोणाच्या हातची आहे ते ठरवतो. रुगरची रायफल आनंदाने घेणारा तर अधिकच.

वेळ झाली. पुढच्या गुरुवारी ‘मिलिंदप्रश्ना’तला हाच रथाचा संवाद मुळातून वाचू. मराठी भाषांतर ज्यांच्याकडे असेल त्यांनी घेऊन यावं. बाकीच्यांनी शेजाऱ्याच्या प्रतीत डोकवावं, त्यालाही आमची हरकत नाही.